ओळख पटवून घेऊन जावे

२००६ साली माझा साखरपुडा झाला, तेव्हा पोहे खाता खाता नानांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, "तशी पोरगी लय हुशार हाय. फक्त लहानपणी एकदा कलकत्त्यात हरवली होती."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. नवा कप घरी आणून धुवावा आणि त्याला चीर दिसावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवटीत मला सगळे असंच ओळखतात. "कोण रोशनी?" म्हटलं की "ती नाय का, कलकत्त्याला हरवलेली" हे उत्तर ठरलेलं. पण आता प्रकरण सासरी पोचलं आहे आणि माझ्याही सहनशक्तीला काही मर्यादा आहे. म्हणून एकदाच सांगून टाकते. कलकत्त्यात मी हरवले नव्हते. नाना हरवले होते.

नाना म्हणजे माझे वडील, भिकन कोठुळे. पंचवटीत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. लग्न, गणपती, नेत्याची सभा, काहीही असो, कर्णे त्यांचे आणि "हॅलो, माइक टेस्टिंग" हा आवाजही त्यांचाच. पण नानांची खरी ओळख धंद्याची नव्हे, गर्दीची. सिंहस्थ असो, रथाचा दिवस असो की श्रावणी सोमवार, नाना गंगेवर लाकडी माचाणावर माइक घेऊन बसायचे आणि चुकामूक झालेल्या माणसांना एकमेकांच्या हवाली करायचे.

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडे गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात असते. भाजी गंगेवर मिळते, पूर गंगेला येतो, आणि पोरं आईला न सांगता पोहायला जातात तीही गंगेवरच. पात्रात दोन्हीकडे तोंड असलेला दुतोंड्या मारुती उभा आहे. चुकामूक झाली की गंगेवर जायचं आणि मारुतीपाशी थांबायचं, हे पंचवटीतल्या पोरांना चालण्याच्या आधी शिकवतात.

नानांचे या कामाचे दोन नियम होते. पहिला नियम, माइकवर "हरवला" हा शब्द काढायचा नाही. "हरवलं म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो," ते म्हणायचे. "आपल्याकडं कोणी हरवत नाय. सापडलेलंच असतं. फक्त घ्यायला यायचं ऱ्हायलेलं असतं." त्यामुळे घाबरलेले आईबाप माचाणाशी आले, की नाना त्यांच्या पोराचं नाव पुकारत नसत. जी पोरं सापडलेली असत त्यांचंच पुकारत. बोलताना गावरान असलेले नाना माइक हातात आला की एकदम सरकारी होत: "सर्व भाविकांना कळविण्यात येते की, लाल झबले घातलेला एक मुलगा सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे."

आणि दुसरा नियम हाच, ओळख पटवल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही. रडणाऱ्या आईलासुद्धा ते विचारायचे, "खूण सांगा." मग ती बाई हुंदके देत पोराच्या पाठीवरचा तीळ सांगायची, नाना झबलं वर करून तीळ पाहायचे, आणि माइकवर म्हणायचे, "ओळख पटली." मला लहानपणी वाटायचं, की जगातल्या सगळ्या आयांना पोरं नानांनीच दिली आहेत.

असा माणूस हरवला. आता ऐका.

१९९४ साली माझी चौथीची परीक्षा झाली. मे महिनाभर लग्नांनी नानांना श्वास घेऊ दिला नाही. जून लागला, मुहूर्त संपले, शाळा उघडायला थोडा अवकाश होता. माझ्या वर्गातल्या मुली मामाच्या गावाहून परत येत होत्या, तेव्हा नानांनी जाहीर केलं, "रोशनीला मी मोठी शहरं ऐकवायला नेतो."

आई म्हणाली, "ऐकवायला? अहो, शहरं बघत्यात."

"बघतो तो अडाणी," नाना म्हणाले. "मोठ्या ठेसनावर रोज जत्रा असती. तिथं माइकवर कोण बोलतं, कसं बोलतं, ते ऐकायला पायजे. हावड्याचं ठेसन लय मोठं म्हणत्यात. आपण हावडा ऐकून येऊ."

कोणी ताजमहाल पाहायला जातं, कोणी समुद्र. माझे वडील लेकीला घेऊन तीन राज्यं ओलांडून एक लाउडस्पीकर ऐकायला निघाले. आईनं दशम्या बांधून दिल्या, ट्रंक भरून दिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्याकडं लक्ष ठेव." हे वाक्य लक्षात असू द्या.

नागपूरवरून जाणारी हावड्याची गाडी आम्ही नाशिकरोडला धरली. पुढे प्रत्येक मोठ्या स्टेशनवर एकच तमाशा. गाडी थांबली की नाना खाली उतरत, जवळच्या कर्ण्याखाली जाऊन उभे राहत, डोळे मिटत आणि घोषणा संपेपर्यंत हलत नसत. गाडी हलली की मी खिडकीच्या गजांतून "नानाऽऽ" असा गळा काढायची, मग ते धोतर सावरत पळत येऊन डब्याला लटकायचे. मनमाडला त्यांचं मत पडलं, "पाण्यात तोंड घालून बोलतो." भुसावळला, "आवाज हाय, पण जीव नाय." नागपूरला मात्र त्यांनी मान डोलावली. "ही बाई पोटभर जेवून बोलती."

प्रत्येक स्टेशन सुटलं की माझी उजळणी व्हायची.

"चुकामूक झाली तर?"

"गंगेवर जायचं, मारुतीपाशी थांबायचं."

"शाब्बास."

"पण नाना, नागपूरला गंगा आहे?"

"गंगा सगळीकडं असती. इचारायचं."

समोरच्या बाकावर खरगपूरला उतरणारे एक बंगाली मास्तर होते. त्यांना हे सहन होईना. ते समजावून सांगू लागले, की गंगा हिमालयातून येते आणि त्यांच्याकडे जाते, महाराष्ट्रात गंगा नाही. नाना शांतपणे म्हणाले, "मास्तर, हम रोज जाते उधर. परसों भी हमने भाजी ली." मास्तरांनी खिशातल्या कागदावर भारताचा नकाशा काढून नाशिकवर बोट ठेवलं. नानांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "छोटा है इसलिए दिखता नहीं." मास्तर खरगपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटच्या पहाटे, डब्यात अंधार असतानाच नानांनी कपडे बदलले. हावड्याला नीट दिसलं पाहिजे, हा आग्रह. मग गाडी हावड्यात शिरली, आणि दारात उभे असलेले नाना स्तब्ध झाले. एवढं मोठं छप्पर, खाली माणसांचा महापूर, आणि वरून एका बाईचा आवाज. स्वच्छ, थंड, अजिबात न घाबरलेला. नानांचे डोळे भरून आले. मला वाटतं, त्यांना देऊळ पाहिल्यासारखं वाटलं असावं.

एका खांबाशी ट्रंक ठेवून त्यांनी मला तिच्यावर बसवलं. "हलू नको. आवाज येतो कुठून, एवढं बघून आलो." आणि कर्ण्याची वायर वर बघत बघत ते गर्दीत शिरले. माणसं ताऱ्यांवरून वाट काढतात म्हणे. नाना वायरीवरून निघाले होते.

मी हलले नाही. हे मी कोर्टातसुद्धा सांगायला तयार आहे. माझ्यासमोरून माणसं गेली, टोपल्या गेल्या, डोक्यावरून एक आख्खा सोफा गेला. मी ट्रंकेवर होते. नंतर नानांच्या बाजूनं जे कळलं ते असं, की वायर एका भिंतीत शिरली आणि संपली. ते मागे वळले आणि बरोबर खांबाशी आले. फक्त तो खांब दुसरा होता. हावड्याचे खांब सगळे सख्ख्या भावांसारखे. खांबाशी ट्रंक नाही, पोरगी नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबानं मी हरवले. त्यांच्या डोक्यात हेही आलं नाही, की खांब हरवला असेल.

बराच वेळ गेला. उन्हाची तिरीप ट्रंकेच्या कडीपर्यंत आली आणि मला रडू यायला लागलं. पण मी भिकन माइकवाल्याची मुलगी. मी ट्रंक फरपटत विचारत विचारत थेट माइकच्या खोलीशी गेले. आत चष्मा लावलेली, सुती साडीतली एक बाई होती. तोच थंड आवाज. तिनं मला पाणी दिलं आणि हिंदीत विचारलं, बाबांचं नाव काय?

"भिकन कोठुळे. नाशिक, पंचवटी."

मी म्हटलं, मला बोलू द्या. तिनं नाही म्हटलं, माइकला हात लावायचा नाही. मग तीच बोलली, बंगालीत आणि हिंदीत. "नासिक का बिखोन कोथुले" जिथे कुठे असतील तिथून त्यांनी "बोडो घोडी"च्या खाली यावं. बोडो घोडी म्हणजे मोठं घड्याळ. हावड्यात सगळी चुकलेली माणसं त्याच घड्याळाखाली भेटतात, म्हणे.

ही घोषणा नानांनी ऐकली होती. शब्द न् शब्द. त्यांनीच नंतर सांगितलं, "ऐकलं ना. कोणी बिखोन म्हणून होता बिचारा. त्याला घोडीखाली बोलवत होते. मला लय वाईट वाटलं त्याचं."

घड्याळाखाली नाना आले नाहीत. दीदीनं, मी तिला दीदी म्हणू लागले होते, पुन्हा पुकारलं. पुन्हा नाही. आता माझा धीर सुटला. परत जाऊन आईला काय सांगायचं? तिनं नाना माझ्या ताब्यात दिले होते. नाना सापडले नाहीत तर पंचवटीत माइकवर कोण बसणार, आणि आईला कोण सांगणार, की सापडलेच आहेत, फक्त घ्यायला यायचं राहिलंय? मी तोंडात फ्रॉकचा घेर कोंबून रडले.

आणि रडता रडता मला उजळणी आठवली.

"दीदी, इधर गंगा है?"

दीदी चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. "गोंगा? सामने ही तो है."

"और मारुती?"

"मारुती?"

मी उठून छाती फाडून दाखवली, शेपटी काढून दाखवली. "हनुमान!" ती म्हणाली. घाटावर पिंपळाखाली आहे एक. तिनं माइक सहकाऱ्याच्या हवाली केला, ट्रंक खोलीत ठेवली आणि माझा हात धरला. स्टेशनच्या बाहेर आलो आणि समोर गंगा. आमच्या गंगेसारख्या पंधरा-वीस मावतील एवढी. मला पहिल्यांदा वाटलं, की मास्तर थोडेसे बरोबर असतील.

घाटाच्या पायऱ्यांवर ही गर्दी. पिंपळाखाली शेंदूर लावलेला मारुती होता, एकाच तोंडाचा, पण मारुती. आणि शेजारच्या ओट्यावर, बंगाली पेपरचा पुंगळा तोंडाला लावून, माझे वडील उभे होते.

"सब भाविकोंको कळविण्यात येता है," नाना ओरडत होते, "एक बकरी मिली है. काली. जिसकी होगी उसने ओळख पटाके लेके जाना!"

त्यांच्या पायाशी खरंच एक काळी बकरी होती. एक छत्री होती. एक म्हातारा होता, जो आपण कोणाबरोबर आलो हे विसरला होता. बिहारकडची एक आजी ओट्यावर पाय सोडून बसली होती. तिचा मुलगा नानांनी मघाशीच शोधून दिला होता, पण तिला हे काम एवढं आवडलं, की ती जायला तयार नव्हती. एका माणसानं येऊन बकरीच्या उजव्या कानाला भोक असल्याचं सांगितलं. आजीनं कान पाहिला. नाना पुंगळ्यातून म्हणाले, "ओळख पट्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी चुकामूक होऊन अर्धा दिवस झाला होता आणि हा माणूस बकऱ्या वाटत होता. मला एवढा राग आला, की हाक मारायचंसुद्धा सुचलं नाही.

तेवढ्यात नानांनी पुंगळा पुन्हा उचलला. या वेळी आवाज फाटका होता.

"एक आदमी मिला है. नाम भिकन कोठुळे. पंचवटी, नाशिक. सफेद टोपी. वो..." इथे ते थांबले. घसा खाकरला. "वो रोशनी नाम के लडकी का है. रोशनी जिधर होगी उधर से उसने आना, और..." पुंगळा खाली आला. पुढचे शब्द त्यांनी पुंगळ्याशिवाय, मराठीत म्हटले. "आणि घेऊन जावे."

मला नंतर कळलं, ही घोषणा ते दर थोड्या वेळानं करत होते. माझं नाव त्यांनी "हरवली" म्हणून एकदाही पुकारलं नाही. पुढे घरी मी विचारलं तर म्हणाले, "तू सापडली नव्हतीस ना. मग न सापडलेल्याचं पुकारू कसं? जो सापडला होता त्याचं पुकारलं."

मी गर्दीतून पुढे घुसले. "माझा आहे! मेरा है!"

नाना ओट्यावरून उतरणार, तर आजीनं काठी आडवी घातली. "ऐसे नहीं. पहिले पहचान."

"अरे, मेरी लडकी है!" नाना म्हणाले.

"तुम चुप रहो," आजी म्हणाली. "तुम सामान हो." मग माझ्याकडे वळून, "बोल. निसानी?"

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. दीदीसुद्धा. मी नानांकडे पाहिलं. टोपी वाकडी, डोळे लाल, हातात चुरगळलेला पेपर. मला एकदम पहाटेचा काळोखा डबा आठवला, आणि बाहेरच्या दिव्यात नानांच्या खांद्यावर क्षणभर दिसलेली शिवण.

"बनियन उलटं घातलंय," मी म्हटलं. "उलटा बनियन."

आजीनं खूण केली. नानांनी निमूटपणे सदऱ्याची बटणं काढली. बनियन उलटं होतं. शिवण बाहेर, मागची चिठ्ठी पुढे गळ्याशी. घाटावर एकच हशा पिकला, टाळ्या पडल्या. नानांनी पुंगळा उचलला, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा आली. म्हणून "ओळख पटली" मीच म्हटलं. हे शब्द नानांशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणजे माझ्याच. मग नाना खाली बसले आणि मला पोटाशी धरून सगळ्यांदेखत रडले. बिन-आवाजाचे.

तो आवाज पुढे आठवडाभर परत आला नाही.

इकडे नाशिकमध्ये वेगळंच रामायण घडलं होतं. स्टेशनमधून घाटावर जाताना नानांनी घाबरून शेजारच्या गोरक्ष किराणावाल्याला फोन लावला होता. "मीनाला सांग, एक जण सापडत नाय," एवढं बोलले आणि लाइन कटली. मीना म्हणजे माझी आई. गोरक्षकाकांनी तिला निरोप जसाच्या तसा दिला. एक जण. कोण, ते आईला कळेना. घाटावरून परतल्यावर मी फोन केला, कारण नानांना बोलता येत नव्हतं. मी सांगितलं, "काका, दोघं सापडलो." यामुळे तिकडे अशी बातमी पसरली, की आधी एक हरवला आणि मग दुसराही.

आई वणीची. तिच्या माहेरी काहीही झालं, की सप्तशृंगीला साकडं घालतात. तिनंही घातलं. पण नाव कोणाचं घ्यायचं? म्हणून ती म्हणाली, "आई, जे कोण हरवलं असंल ते सापडू दे. हरवलेल्याला अनवाणी तुझ्या पायऱ्या चढायला लावते."

नाशिकरोडला आम्ही उतरलो तेव्हा ती समोरच उभी होती. आधी तिनं मला चाचपलं, मग नानांना. मग पदरानं डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला. "कोण हरवलं होतं? खरं सांगा. देवीचं काम हाय."

नानांनी तोंड उघडलं. आवाज नव्हता. फलाटावर आमच्या ओळखीची दोन-चार माणसं थांबली होती, कान टवकारून. नानांनी माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. मला एकाएकी कळलं, की माचाणावर बसणारा माणूसच हरवला असं गावात झालं, तर उद्या गंगेवर त्यांच्या हातात रडणारं पोर कोण देईल?

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच मला," आई म्हणाली.

तिथून पंचवटीपर्यंत, शहर बसमध्ये, नानांनी माझं मनगट सोडलं नाही.

पुढच्या मंगळवारी आम्ही गडावर गेलो. पायऱ्यांच्या तळाशी मी चपला काढल्या. दगड तापलेले होते, मी पाय उचलून उचलून टाकत होते. थोडं वर गेल्यावर आई थबकली आणि मागे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही का चपला काढल्या? नवस हिचा हाय."

नाना मागून येत होते. अनवाणी. धोतराचा सोगा एका हातात आणि माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याचं टोक दुसऱ्या हातात. आवाज नुकता कुठे परत यायला लागला होता, घोगरा.

"सोबत," नाना म्हणाले, आणि पट्टा घट्ट धरून वरपर्यंत माझ्या मागोमाग चढले.